तिसऱ्या ओळीतला नंबर

"रोज सकाळी उठून ह्या बाईचं आपलं एकच. लाईन आली का, लाईन आली का! जशी काय लाईन माझ्या खिशात ठेवलीया."

यल्लाप्पानं रिसीव्हरवर हात ठेवला होता खरा, पण यल्लाप्पाचा हात तो, अर्धा पानाच्या चंचीत गुंतलेला. मिरजेत पुटपुटलेला शब्द न् शब्द फलटणला प्रियदर्शनीच्या कानात पडला.

"मला ऐकू येतंय, यल्लाप्पा."



"तुमाला न्हाई ओ बाई. दुसऱ्या बाईला बोललो."

"दुसरी कोण?"

"असती की एकेक," यल्लाप्पा म्हणाला आणि दोघंही हसली. हसणं संपल्यावर मात्र आपण कशाला हसलो असं दोघांनाही वाटलं. तीन महिन्यांत हे असंच चाललं होतं.

प्रियदर्शनी अहिवळे रक्तपेढीच्या फलटण शाखेत कामाला होती. मोठी पेढी मिरजेला, यल्लाप्पा तिथल्या यंत्रांपाशी. कुठल्या गटाच्या किती बाटल्या कुठं शिल्लक आहेत, याचा हिशेब मिरजेच्या कॉम्प्युटरमध्ये. रोज सकाळी नऊ वाजता प्रियदर्शनीनं फलटणहून टेलिफोनच्या तारेवरून त्या कॉम्प्युटरात शिरायचं, यादी बघायची, आणि तालुक्यातल्या दवाखान्यांना सांगायचं. एकोणीसशे नव्याण्णव सालात हे काम म्हणजे जादूच वाटायची, आणि जादूसारखीच ती अधूनमधून चालायची नाही.

मधे बसलेली असायची फायरवॉलची पेटी. कुणीही बाहेरचा उठून मिरजेच्या कॉम्प्युटरात घुसू नये म्हणून ठेवलेली राखणदारीण. तिची रीत एखाद्या जुन्या जाणत्या बाईसारखी होती. दारातल्या माणसानं नाव सांगितलं म्हणून ती दार उघडायची नाही. तुम्ही फोन लावायचा, नाव आणि परवलीचा शब्द द्यायचा. ती तुमचा फोन ठेवून द्यायची आणि आपल्याजवळच्या यादीत तुमच्या ओळीत जो नंबर असेल, त्यावर स्वतः उलटा फोन करायची. तो तुम्ही उचललात तरच तुम्ही खरे.

गेले बारा दिवस प्रियदर्शनी फोन लावत होती, पेटी तिचं नाव ऐकून घेत होती, फोन ठेवत होती, आणि उलटा फोन काही येत नव्हता.

झालं होतं असं. दोन हजार साल उजाडलं की सगळी यंत्रं खुळी होणार, अशी आवई उठली होती. म्हणून पेटी विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं नवं फर्मवेअर धाडलं, म्हणजे पेटीच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम. यल्लाप्पानं तो भरला. भरताना जुनी यादी पुसली जाणार हे कागदावर लिहिलेलंच होतं. यादी फ्लॉपीवरून परत चढवायची. यल्लाप्पानं खण उघडला. फ्लॉपी होती. तिच्यावर निळ्या शाईत, ओळखीच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'हीच वापरा.'

ते अक्षर बघून यल्लाप्पाला पुढं काही विचारायचं सुचलं नाही. त्यानं तीच वापरली.

अक्षर अमृत कोळेकरचं होतं. पेटी त्यानंच बसवली, यादी त्यानंच भरली, फलटणच्या शाखेला तार त्यानंच जोडून दिली. जूनच्या पहिल्या शनिवारी तो मिरजेहून मोटारसायकलवर विट्याकडे, घरी निघाला. तासगावच्या पुढं एक ट्रक आडवा आला. त्यानंतर कोळेकर ऑफिसात आला नाही.

हे असंच सांगायचे सगळे. 'कोळेकर येत नाही तेव्हापासून.' 'तो प्रकार झाला तेव्हापासून.' आयुष्यभर रक्त आणि मरण बघितलेले पेढीचे डॉक्टरसुद्धा म्हणायचे, "अमृतची खुर्ची रिकामी आहे." जसा काही तो चहाला गेलाय. प्रियदर्शनी तर तेवढंही म्हणायची नाही. तिला बरं पडायचं, कारण तिला कुणी विचारायचंच नाही. विचारणार तरी काय? कोळेकर तिचा लागत कोण होता? रोज नऊला पेटीचा उलटा फोन आला, यादी उघडली, की पाच मिनिटांनी डॉक्टरांच्या खोलीतला दुसरा फोन वाजायचा. "अहिवळे बाई, आली का लाईन?" "आली, कोळेकरसाहेब." "मग शिव्या कुणाला देताय?" एवढंच. वर्षभर रोज एवढंच. एकदा मिरजेच्या मीटिंगनंतर त्यानं तिला बसपर्यंत सोडलं होतं, आणि स्टँडवर तिच्यासाठी खिडकीची जागा धरायला रुमाल टाकला होता. तो रुमाल चुकून तिच्याकडंच राहिला. अहिवळ्यांच्या घरात आणि कोळेकरांच्या घरात कोण काय म्हणेल, हे तिनं मनातल्या मनात कितीदा तरी मांडून बघितलं होतं. मांडून झालं की पुसून टाकायची.

तिसाव्या वर्षी माणसानं असं करू नये, हे तिलाही कळत होतं.

पण हे मांडत-पुसत बसायला आता वेळ नव्हता. मागच्या गुरुवारी एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह लागलं. यादी दिसत नाही, म्हणून मिरजेला साधा फोन. तिथला फोन चाळीस मिनिटं गुंतलेला. रक्त शेवटी साताऱ्यात मिळालं, बाई वाचली. पण त्या चाळीस मिनिटांत बाईचा नवरा प्रियदर्शनीच्या टेबलासमोर उभा राहून नुसता तिच्या तोंडाकडं बघत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

म्हणून त्या दिवशी, यल्लाप्पा दुसऱ्या बाईला बोलून झाल्यावर, ती म्हणाली, "यल्लाप्पा, हे असं अंदाजानं नको. वायरमन येऊन तार बघून गेला, मोडेम मी बदललं, शब्द तोच आहे. तुमची पेटी फोन ठेवते, पुढं काय करते?"

"करती की उलटा फोन. दिवा लागतोय, टकटक वाजतंय."

"कुणाला करते?"

हा प्रश्न बारा दिवसांत कुणी विचारला नव्हता.

"तुमालाच की," यल्लाप्पा म्हणाला. "दुसऱ्या कुणाला करणार ती?"

"रिसीव्हर पेटीला लावून धरा. मी इकडून ऐकते. आणि पान थुंकून या आधी."

शालूबाई म्हणजे शाखेतली दुसरी बाई, वयानं मोठी, कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी नमस्कार करणारी. प्रियदर्शनीनं तिला कॉम्प्युटरवरून लाईन लावायला बसवलं, आणि स्वतः डॉक्टरांच्या खोलीत जाऊन फोन कानाला लावला. तिकडं मिरजेत पेटीनं फलटणचं नाव ऐकलं, फोन ठेवला, आणि नंबर फिरवायला घेतला. जुनं एक्सचेंज. एकेक आकडा टकटक मोजून जायचा. प्रियदर्शनी पेन्सिलनं रेघा मारत गेली. चार टक. थांबली. सात टक. पहिल्या आकड्यांवरून ती विट्याची बाजू, फलटणची नव्हे, हे तिला कळलं. शेवटचे दोन आकडे राहिले, तेव्हा तिनं पेन्सिल खाली ठेवली. मोजायची गरज नव्हती. तो नंबर तिच्या डायरीच्या शेवटच्या पानावर होता. कोळेकरनं स्वतः लिहून दिलेला. 'रविवारी अडलंच तर घरी करा.' तिनं तो एकदाही फिरवला नव्हता.

"काय झालं ओ बाई?" यल्लाप्पा पलीकडून विचारत होता. "कुणाचाय नंबर?"

"कोळेकरांच्या घरचा."

आता उलगडा व्हायला वेळ लागला नाही. सत्त्याण्णव साली फलटणची शाखा नुसती ठरली होती. यादीत तिसऱ्या ओळीत तिचं नाव आणि परवलीचा शब्द होता, नंबराची जागा रिकामी होती, तिथं कोळेकरनं स्वतःच्या घरचा नंबर घालून रविवारी वस्तीवरून पेटी तपासून बघितली होती. शाखा झाली, तसा त्यानं त्या ओळीत फलटणचा नंबर घातला आणि नव्या यादीची नवी फ्लॉपी केली. जुनीवरचं 'हीच वापरा' खोडायचं मात्र राहिलं. नवी फ्लॉपी त्याच्या खांद्याच्या पिशवीत असायची. आणि पिशवी पोलिसांनी जूनमध्येच घरी पोचवली होती.

"यादी बदलायचा पासवर्ड?"

"त्यो त्याच्याच डोक्यात," यल्लाप्पा म्हणाला, आणि जीभ चावल्यासारखा थांबला. "कंपनी म्हणती पेटी पुण्याला धाडा, पंधरा दिवस लागतील. न्हाईतर नवी फ्लॉपी पायजे. बाई, म्हंजे हे बारा दिवस रोज नऊ वाजता त्या घरात..."

"हो."

"मी न्हाई जायचा तिथं," यल्लाप्पा घाईनं म्हणाला. "मला काय बोलायला सुचत न्हाई. तीन म्हैने झाले, दारात गेलो न्हाई मी. कुठल्या तोंडानं जाऊ?"

ती तरी कुठं गेली होती?

त्या दुपारी प्रियदर्शनीनं डायरीचं शेवटचं पान उघडून तो नंबर पहिल्यांदा फिरवला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, धापा टाकत. "हालू! कोण? अमृतचं हापिस व्हय?"

"हो," ती म्हणाली. "मी उद्या सकाळी येते."

पहाटेची पहिली एसटी धरून दहिवडी, मायणी करत ती विट्याच्या अलीकडच्या फाट्यावर उतरली तेव्हा साडेआठ व्हायला आले होते. निघताना शालूबाईला सांगून आली होती, "नऊला लाईन लावायचीच. तिथं वाजते का बघते." फाट्यावर अमृतचे वडील, आकाराम कोळेकर, उभे होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि अंघोळ करून आल्यासारखे ओले केस. पावसाची वाट बघून वाळलेल्या माळावरून ती दोघं वस्तीकडं चालू लागली.

"बाई, एक सांगतो," आकाराम मागं वळून बघत म्हणाले. माळावर एक शेळी सोडली तर कुणी नव्हतं, तरी आवाज उतरवून. "रोज नवाला फोन वाजतोय बघा आमच्यात. उचलला की शिट्टी. बारीक, थांबून थांबून. अमृत रविवारी काम करायचा, तवा अशीच वाजायची. त्याच्या आईला, धोंडुबाईला, वाटतंय पोरगंच फोन करतंय. लय आस लागलीया तिला. तुमी तिच्याम्होरं काय बोलू नगा."

"काय बोलू नको?"

आकारामांनी काठीनं एक खडा उडवला. "त्येच."

घर दोन खोल्यांचं. ओट्यावर उरलेल्या चार मेंढ्यांची लोकर वाळत टाकलेली. कळप विकून किती वर्षं झाली तरी लोकरीचा वास भिंतींनी सोडला नव्हता. बाहेरच्या खोलीत स्टुलावर फोन. फोनखाली घोंगड्याचा चौकोनी तुकडा घातलेला, देवाखाली घालतात तसा. भिंतीवर कॅलेंडर होतं, देव होते, अमृतचा फोटो नव्हता. एक खिळा मात्र नवा होता, रिकामा.

धोंडुबाईंनी तिला सरळ चुलीपाशी नेलं. "बस, पोरी. च्या करते." बाहेर आकाराम फोनसमोर चटईवर बसल्याचा आवाज आला. धोंडुबाईंनी दार ओढून घेतलं.

"अहिवळ्यांची न्हवं तू? फलटणची?"

प्रियदर्शनीनं मान हलवली.

"तुजं नाव काडलं हुतं त्यानं. म्हनला, आयं, फलटणला एक बाई हाय, लाईन बंद पडली की मला लय शिव्या देती." त्यांनी चहात साखर घातली, मग आणखी थोडी. "मी म्हनलं, मग घिऊन ये की एकदा. शिव्या देणारं माणूस घरात असलं की बरं असतंय. तर हसला नुसता."

प्रियदर्शनीच्या हातात चहाचा कप होता. तिनं तो खाली ठेवला.

"मला त्यांची पिशवी हवी होती," ती म्हणाली. "त्यात एक चौकोनी काळी..."

धोंडुबाई उठल्या. धान्याच्या कणगीमागून त्यांनी पिशवी काढली. पिशवी धुतलेली होती, इस्त्री केल्यासारखी घडी घातलेली. आत डबा, पेन, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फ्लॉपी. निळी शाई. 'फलटणसह. नवीन.'

"ह्यानं त्यो फोन बंद हुईल?"

"हो. मग तो फोन फलटणला येईल. जायला हवा तिथं."

"हू दे बंद." धोंडुबाई परत चुलीपाशी बसल्या, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "पर ह्यांच्याम्होरं न्हाई सांगायचं. ह्यांना वाटतंय पोरगं फोन करतंय. रोज सकाळी अंघोळ करून फोनम्होरं बसत्यात, बघितलंस न्हवं? मी आपली उचलते, 'हां बाळा' म्हनते, ठेवते. तेवढं केलं की म्हातारं जेवतंय. न्हाईतर जेवत न्हाई." 

बाहेर बसलेला तिच्यासाठी गप्प, आत बसलेली त्याच्यासाठी. दोघंही रोज नऊ वाजता एकमेकांना धीर द्यायला त्या शिट्टीपुढं बसत होती, आणि तिनं बॅगेत टाकलेल्या फ्लॉपीनं ते दोन दिवसांत संपणार होतं. फलटणला कुठलीशी बाई वाचावी म्हणून. तिला वाटलं, फ्लॉपी सापडलीच नाही असं सांगावं. पेटी पुण्याला जाऊ दे. पंधरा दिवस. पंधरा दिवस तरी ह्या घरात कुणाला तरी जेवण जाईल. मग तिला टेबलासमोर उभा असलेला तो माणूस आठवला, न ओरडणारा.

"च्या घे," धोंडुबाई म्हणाल्या. "निवला."

बाहेर फोन वाजला.

धोंडुबाई पदर सावरत निघाल्या, प्रियदर्शनी त्यांच्यामागं. आकाराम चटईवर ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. फोन वाजत होता. रोजच्यासारखं धोंडुबाईंनी हात पुढं केला. मग परक्या माणसासमोर 'हां बाळा' म्हणायचं कसं, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर आलं आणि हात तसाच राहिला. त्यांनी आकारामांकडं बघितलं. आकारामांनी त्यांच्याकडं. दोघांनीही मग प्रियदर्शनीकडं.

चौथी घंटी. पाचवी. शालूबाई फलटणला कॉम्प्युटरपुढं हात जोडून बसली असेल.

प्रियदर्शनीनं रिसीव्हर उचलला. तीच ती शिट्टी. बारीक, थांबून थांबून, कुणीतरी दाराबाहेर उभं राहून हळूच हाक मारावी तशी. वर्षभर तिच्या टेबलावर रोज वाजलेली. आणि गेले बारा दिवस ती तिकडं बसून वाट बघत होती, फोन का येत नाही म्हणून यल्लाप्पाला छळत होती, आणि रोज नऊ वाजता ह्या घरात वाजत होती ती हीच शिट्टी. तिचंच नाव ऐकून पेटी इथं हाक मारत होती.

"काय म्हनतोय?" आकारामांनी विचारलं. मान पुढं झुकलेली.

तिला फोन ठेवून द्यायचा होता. शिट्टी आपोआप थांबली, खट्ट झालं, मग नुसतं गूं. तिनं रिसीव्हर घोंगड्याच्या तुकड्यावर अलगद ठेवला. जागेवर ठेवायचं भानच राहिलं नाही.

"हा फोन मी करते," ती म्हणाली. "फलटणहून. मी लावते, मिरजेची पेटी चुकून इथं फिरवते. बारा दिवस मीच करत होते. मला माहीत नव्हतं."

आकाराम तिच्याकडं बघत राहिले. मग धोंडुबाईंकडं, आणि त्यांनी नजर फिरवली नाही हे बघून पुन्हा फोनकडं. कपाळावरचे ओले केस त्यांनी मनगटानं मागं सारलं.

"म्हंजे," ते म्हणाले, लहान पोरानं विचारावं तसं, "त्यो न्हवं?"

बाहेर मेंढ्यांची लोकर वाऱ्यानं ओट्यावरून सरकत होती. प्रियदर्शनीच्या जिभेवर शब्द आला होता. तीन महिने आलेलाच होता, तिथंच अडकलेला.

धोंडुबाई चटईवर नवऱ्याच्या शेजारी बसल्या. माणसांसमोर तशा त्या कधी बसल्या नसतील. त्यांनी त्यांचे गुडघ्यावरचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"न्हवं, आवं," त्या म्हणाल्या. "अमृत मेलाय. आपला अमृत मेलाय."